बिनआवाजाचा सर्व्हर

शिनोली, ता. आंबेगाव
१६ नोव्हेंबर २०२४

चि. संस्कृती,

मामाचा आशीर्वाद जन्मापासून तुझ्या पाठीशी आहे, पत्रात तो पुन्हा घालत नाही. पत्र बघून हसशील. खिशात फोन असताना मामा पोस्टात कशाला गेला, म्हणशील. तर आमच्या मळ्यात रेंज येते आणि जाते, अर्धं बोलणं हवेतच राहतं. शिवाय कामाची गोष्ट कागदावर असलेली बरी. दोनदा वाचता येते.

काम असं आहे. तुझ्या मामानं पंचवीस-एक वर्षं घोडेगाव, मंचर, डिंभ्यापर्यंतच्या लग्नांचं शूटिंग केलं, हे तुला माहीत आहे. कॅसेटांना बुरशी धरायला लागली तेव्हा मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, हार्ड डिस्कमध्ये भरल्या आणि कॅसेटा टाकून दिल्या. आता त्या डिस्कही म्हाताऱ्या झाल्यात. त्यातली एक जरी गेली, तरी तिच्यातली लग्नं गेली. लोकांकडच्या सीडी कधीच खराब झाल्या. दुसरीकडं ती कुठंच नाहीत.

ज्यांच्या कॅमेऱ्यावर मी सुरुवात केली, त्या घोडेगावच्या मिश्रीलालशेठचा पिंटू म्हणतो, काका, घरात एक सर्व्हर बसवा. सगळी लग्नं एका डब्यात, टीव्हीसमोर बसून रिमोटनं हवं ते लग्न काढायचं. त्यानं चार-पाच नावं सांगितली, माझ्या डोक्यात एकही राहिलं नाही. म्हटलं, आपल्या घरात एक पदवीधर आहे, तिला विचारू.

माझ्या अटी दोनच. आवाज अजिबात नको आणि वीज कमी खाल्ली पाहिजे.

तुळशीची लग्नं लागली, सीझन सुरू झाला. पण यंदा मी ऑर्डर घेतल्या नाहीत. ड्रोनवाली पोरं आलीत, त्यांना करू दे. आरतीला सांग, भाऊ बरा आहे.

तुझा,
गोरखमामा

---

राजुरी, ता. जुन्नर
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,

तुम्हाला आणि अंजनामामींना नमस्कार. तुमचं पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं पहिल्यांदा विचारलं, "बरा हाय ना? पत्र कशाला लिहितोय?" मी तिला रेंजचं सांगितलं. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

मामा, मला किती आनंद झाला ते कसं सांगू? बीसीएस होऊन दीड वर्ष झालं. पप्पांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून बैठकीत लावलंय, आलेल्या पाहुण्यांना आधी ते दाखवतात, मग पाणी देतात. पण माझं शिक्षण विचारून कुणी एखादं काम सांगितलं असं झालं नव्हतं. घरात मला सांगतात ते रिचार्ज करायला. तुम्ही पहिले.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते सांगते. तो एक साधा कॉम्प्युटरच असतो, फक्त त्याचं काम सांभाळण्याचं आणि मागेल त्याला वाढण्याचं. लग्नं त्याच्या पोटात राहतील. घरातल्या राउटरवरून टीव्हीनं मागितलं की तो लग्न देईल. इंटरनेट लागणार नाही, म्हणजे रेंजचा प्रश्नच नाही.

आळेफाट्याला मी ज्या क्लासमध्ये शिकवते तिथले जुने कॉम्प्युटर बदलणार आहेत. त्यातला एक मी मागून घेतला आहे. चांगला चालतो, फेकला तर कचऱ्यात जाईल. नवीन वस्तू घेण्यापेक्षा आहे ती वापरावी असं मला मनापासून वाटतं. त्याचा पंखा थोडा घरघर करतो, पण दोन दिवसांत कानाला सवय होते.

आणि माझ्या मनात आणखी एक आहे. तुमच्या डिस्कमध्ये नुसती लग्नं नाहीत. माणसं काय नेसायची, पंगतीत कशी बसायची, नव्या नवरीला काय सांगायची, असा सगळा आंबेगाव तालुका त्यात आहे. हा सर्व्हर गावातल्या सगळ्यांसाठी उघडा ठेवू. कुणीही यावं, आपल्या मोबाईलवर बघावं. गावाची स्वतःची लायब्ररी होईल. कसं वाटतं?

तुमची,
संस्कृती

---

शिनोली
२७ नोव्हेंबर २०२४

चि. संस्कृती,

पत्र वाचलं, मामीलाही वाचायला दिलं. तुझ्या आनंदावर पाणी ओतायचं जिवावर येतं, पण तो कॉम्प्युटर नको. तू लिहितेस की कानाला सवय होते. आम्हाला सवयच नको आहे.

घरामागं ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या दादाभाऊचं कुत्रं गेलं, अंगणातून, चहाच्या वेळेला. शेळीनं पाय आपटला, गाय नुसती जोरात फुरफुरली, तरी उठून बॅटरी मारावी लागते. म्हणून आमच्या घरात आवाज करणारी वस्तू ठेवत नाही. फ्रिजसुद्धा मामीनं उचलायला लावून पडवीच्या पार टोकाला नेलाय. ऐकायचं काम तिच्याकडं आहे आणि त्यात ती कुणाची ढवळाढवळ चालू देत नाही. तू म्हणशील, रात्री बंद करा. पण पिंटू म्हणतो, एवढी लग्नं एका डब्यातून दुसऱ्यात जायला दिवसरात्र लागतील, आणि वीज जेव्हा येईल तेव्हाच ते व्हायचं.

विजेचं तुला काय सांगू? इन्व्हर्टरला बॅटरी एकच. तिच्यावर पहिला हक्क गोठ्यातल्या दिव्याचा. तुझा तो मोठा डबा लावला तर दिवा विझेल आणि लग्नं चालू राहतील.

आता गंमत ऐक. मामी गिरणीत बोलून गेली की आमच्या घरी सर्व्हर येणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाभाऊ रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन दारात. त्याच्यामागं कुशाबाई, अंगठा पुसत. दादाभाऊ म्हणतो, "गोरखभाऊ, लई बरं केलं. तिकडं दुकानात कवाबी जावा, सर्व्हर डाऊन. तुमचा तरी चालू राहील." मी सांगून दमलो की हा लग्नांचा सर्व्हर आहे, धान्याचा नाही. कुशाबाई जाताना म्हणाली, "मंग लग्नाचा तरी डाऊन हू देऊ नका." एवढं मोठ्यानं बोलली की गाय दचकली. हल्ली गावात सगळेच मोठ्यानं बोलायला लागलेत. निवडणुकांमुळं असेल.

तुझ्या लायब्ररीचं मामी काय म्हणाली ते तसंच लिहितो. "त्यातल्या किती जणांची सोडचिठ्ठी झालीय, त्यांची वरात गावानं मोबाईलवर बघायची व्हय?" ती बरोबर बोलते. लग्न ज्याचं त्यालाच दाखवायचं. तुझ्या मशीनला एवढी अक्कल असेल तर बघ.

गोरखमामा

---

राजुरी
६ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

मामींचं म्हणणं वाचलं आणि पटलं. मी तालुक्याच्या इतिहासाचा विचार करत होते आणि त्यात माणसं राहतात हे विसरले होते. मशीनला तेवढी अक्कल शिकवता येते. प्रत्येक घराला वेगळा पासवर्ड देऊ. ज्याला त्याचंच लग्न दिसेल.

आठ दिवस मी याच कामात होते. क्लासमधल्या सरांकडून वीज मोजायचं छोटं मीटर घेतलं आणि दिसेल ते मशीन त्याला लावलं. मुलं हसत होती, कारण मी प्रत्येक डब्याला कान लावून उभी राहायचे.

क्लासचा जुना कॉम्प्युटर नुसता बसून राहिला तरी एका पंख्यापेक्षा जास्त वीज खातो. तो नापास. दुसरा, खास यासाठीच बनवलेला डबा मिळतो, त्यात दोन हार्ड डिस्क बसतात. वीज बरी खातो, पण आतल्या डिस्क गरगर फिरतात, आणि झोपलेली डिस्क जागी होताना चक्क दचकते. मामी उठून बसतील. तोही नापास. तिसरा तळहाताएवढा एक बोर्ड. तो अगदी गप्प आणि एवढीशी वीज खाणारा. पण तुमच्या जुन्या शूटिंगसारखा एक नमुना त्यावर लावला तर टीव्हीवर नवरदेव अडखळत अडखळत चालायला लागला.

म्हणून मी जो निवडला तो मिनी पीसी आहे, जेवणाच्या डब्याएवढा. त्याला पंखा नाही. अंगावर धातूच्या पट्ट्या आहेत, त्यातून उष्णता निघून जाते. आत फिरणारी डिस्क न घालता एसएसडी घालू, म्हणजे त्यात हलणारं असं काहीच उरणार नाही. एका एलईडी बल्बएवढी वीज लागेल. मामींना सांगा, त्यावर क्रोशाचा रुमाल तेवढा घालायचा नाही, गुदमरेल. सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करून मी राजुरीला ठेवीन.

आता एक महत्त्वाचं. तुमच्याकडच्या जुन्या डिस्क एकेक करून लावा आणि कान अगदी जवळ न्या. टक-टक, टक-टक असा आवाज कुठल्या डिस्कमधून आला, तर ती लगेच बंद करा आणि पुन्हा लावू नका. ती शेवटच्या घटका मोजतेय असं समजायचं. चालू ठेवली तर उरलंसुरलंही जाईल. सगळ्या तपासून मला कळवा, मग मी मशीन मागवते.

संस्कृती

---

शिनोली
११ डिसेंबर २०२४

चि. संस्कृती,

तू सांगितल्याप्रमाणे सगळ्या डिस्क लावून बघितल्या. कान लावला. एकही टकटक करत नाही, सगळ्या अगदी गप्प आहेत. हिरव्या पट्टीची सगळ्यात जुनी आहे, तिच्यात सुरुवातीची लग्नं आहेत. तीसुद्धा गप्प. ती टेबलावर लावूनच ठेवलीय, सध्या रोज बघतो.

मशीन मागव. नाताळच्या सुट्टीत तूच घेऊन ये. मामी मासवडी करणार आहे.

गोरखमामा

---

शिनोली
२ जानेवारी २०२५

संस्कृतीस अंजनामामीचा आशीर्वाद.

मी सातवी शिकलेली, अक्षर समजून घे. हे पत्र मी लिहिलंय ते ह्यांना माहीत नाही. कळू देऊ नको.

परवा तू आलीस, मशीन टेबलावर ठेवलंस आणि बोलता बोलता एकदम वाकून ऐकायला लागलीस. ती हिरव्या पट्टीची डिस्क टकटक करत व्हती. हे तुझ्याकडं बघून हसून म्हणाले, "बघ, किती शांत चालतीय." तू ह्यांच्या तोंडाकडं बघितलंस, मग माझ्याकडं. मग वायर काढली आणि म्हणालीस, "मामा, गरम झालीय, जरा गार होऊ दे." तवाच मी ओळखलं की तुला कळलं.

ती महिनाभर टकटक करती. मला वाटायचं घड्याळासारखं, चालू आहे म्हणून वाजतंय. तू पत्रात लिहिलेलं ह्यांनी तवा मला दाखवलं न्हाई, काल माझ्या हाती लागलं. त्यात कान जवळ न्या असं व्हतं, म्हणून. नायतर मी सांगितलं असतं.

ह्यांना दोन वर्षं झाली ऐकू येत न्हाई. आधी डावा गेला, मग उजवा. डीजेच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचे ना, त्याशिवाय नवरदेव पुरा दिसत न्हाई म्हणून. आता मी समोर उभं राहून बोलले तर ओठ बघून कळतं. फोन म्हणून घेत न्हाईत, रेंजला नाव ठेवतात. गावाला सगळं ठाऊक आहे. गिरणीवाला, दूधवाला, पिंटूशेठ, समदी ओरडून बोलत्यात. ह्यांना वाटतं गावच भांडखोर झालं. डॉक्टरचं नाव काढलं की ताट सरकवून उठतात. लग्नात उभं राहून संसार केला आणि लग्नानंच कान नेले, हे चारचौघांत कसं सांगायचं, असं त्यांचं.

शेळ्यांचं ऐकायला मीच. दोघांचं ऐकते. पण पोरी, आता मला नीट झोप लागत न्हाई. पान पडलं तरी उठते.

तू रागावू नको ह्यांच्यावर. त्या डिस्कचं तेवढं बघ. त्यातली लग्नं गेली तर हा माणूस टिकायचा न्हाई.

तुझी मामी

---

राजुरी
९ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

त्या दिवशी मला तोंडावर सांगवलं नाही, मशीनही न बसवताच परत आले. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. शेवटी सरळ लिहायचं ठरवलं, कारण तुम्ही मला सरळच शिकवलंय.

हिरव्या पट्टीची डिस्क टकटक करते. मी मशीन टेबलावर ठेवलं तेव्हाच मला ती ऐकू आली. तुम्हाला ती ऐकू आली नाही. मामा, तुम्हाला माझं बोलणंही ऐकू येत नव्हतं. मी पाठमोरी होऊन तुम्हाला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा वळले तेव्हा तुम्ही हसून "काय म्हणतेस?" म्हणालात.

मला राग आलेला नाही. वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. तुम्ही त्या डिस्कला कान लावून बसला असाल, काहीच ऐकू आलं नसेल, आणि तरी तुम्ही मला लिहिलंत की ती गप्प आहे. तेव्हा तुम्ही किती एकटे असाल.

आता दोन गोष्टी मागते. पहिली, ती डिस्क पुन्हा लावू नका, तशीच माझ्याकडं पाठवा. तिच्यातून काय काढता येईल ते मी काढते. सगळं निघेल असं वचन मी देत नाही. दुसरी, मंचरला कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन या. मी बरोबर येते, किंवा नाही येत, तुम्ही म्हणाल तसं. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं आहे.

उत्तराची घाई नाही. डिस्कची मात्र आहे.

तुमची,
संस्कृती

---

राजुरी
१८ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

डिस्क मिळाली. पिंटूभाऊ आळेफाट्याला आले होते, त्यांनी क्लासवर आणून दिली. मामींच्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. आत चिठ्ठी असेल म्हणून मी तुकडा झटकून पाहिला. नव्हती. ठीक आहे.

काम कसं चाललंय तेवढं सांगते. ही डिस्क सलग चालवायची नाही. थोडा वेळ लावायची, जेवढं देईल तेवढं घ्यायचं, टकटक वाढली की थांबवायची आणि पूर्ण गार होऊ द्यायची. एका लग्नाला कधी एक दिवस लागतो. काल हळदीपर्यंत आलं आणि अडलं, आज पहाटे अक्षता पडल्या. आई विचारते, रोज त्या डब्याला काय कुरवाळत बसतेस? मी म्हणते, मामाचं काम आहे.

संस्कृती

---

शिनोली
५ फेब्रुवारी २०२५

चि. संस्कृती,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. चार दिवस तुझा राग आला. नंतर स्वतःचा आला. तोही गेला, म्हणून आज लिहितो.

तू लिहिलंस ते खरं आहे. यापेक्षा जास्त त्यावर लिहीत नाही. पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, मामीलाही नाही, ती तुला सांगतो, म्हणजे ती डिस्क माझ्यासाठी काय आहे हे तुला कळेल.

मागच्या वर्षी एका लग्नाला नुसता पाहुणा म्हणून गेलो होतो. समोर बँड, डीजे, माणसं नाचत होती. माझ्या लेखी सगळे मुके. काचेच्या पेटीतल्या माशांसारखे. जेवण न करता परत आलो. घरी येऊन टीव्हीला हिरव्या पट्टीची डिस्क लावली, सहज. आणि पोरी, मला ऐकू आलं. सनई, "मामा, मुलीला घेऊन या" म्हणणारा भटजी, मांडवातल्या बायका, पंगतीत जिलेबी वाढणारा गेणू. सगळं. टीव्हीचा आवाज बंद होता, ते मला नंतर मामीनं दाखवलं. कानानं नव्हतं ऐकू आलं. ज्या वेळी शूटिंग केलं त्या वेळी जे ऐकलं होतं, ते चित्राबरोबर आतून वाजायला लागलं. चित्र दिसलं की आवाज येतो. चित्र नसेल तर नाही येत, मी करून बघितलं.

आजचं जग माझ्यासाठी मुकं आहे. त्या डिस्कमधलं नाही. म्हणून ती रोज लावत होतो. लावून लावून तिला मीच मारत होतो, हे मला कुठं माहीत?

मंचरला जाऊन आलो. मामी बरोबर होती. डॉक्टरांनी कानाचं मशीन लावायला सांगितलंय, दोन्हीकडं. माप घेतलं. गेलेलं परत येत नाही म्हणाले, पण उरलेलं वापरता येईल. आरतीला मी रविवारी येऊन समोर बसून सांगणार आहे. ती ओरडेल. मला फारसं ऐकू येणार नाही, तेवढा फायदा.

काय निघालं ते कळव. जे निघालं नसेल तेही कळव.

गोरखमामा

---

राजुरी
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

तुमचं ते पत्र मी जपून ठेवलंय. आता कामाचं लिहिते.

डिस्क गेली. शेवटच्या दिवशी टकटकही केली नाही, नुसती थंड पडून राहिली. पण त्याआधी तिनं बरंच दिलं. आपण जुन्याकडून सुरुवात केली, म्हणून पहिल्या वर्षांची जवळजवळ सगळी लग्नं निघाली. शेवटची पंधरा-वीस नाही निघाली. त्यांची नावं वेगळ्या कागदावर दिली आहेत. त्या घरांना मी स्वतः जाऊन सांगावं असं मला वाटत होतं, पण मी कोण त्यांची? तुम्ही सांगायला हवं. मी बरोबर येईन.

पहिल्याच फोल्डरमध्ये आईचं लग्न निघालं. पूर्ण. तुमचं पहिलं शूटिंग हेच, हे मला आई सांगायची, पण तिनंही ते वीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. मी अजून तिला दाखवलेलं नाही. आधी तुम्ही बघा.

बाकीच्या सगळ्या डिस्क रविवारी येऊन मिनी पीसीत उतरवते. राउटर, टीव्ही, पासवर्ड, सगळं बसवून देते. त्या दिवशी कुशाबाईंना बोलवा, पण रेशन कार्ड आणू नका म्हणावं.

संस्कृती

---

शिनोली
२८ मार्च २०२५

चि. संस्कृती,

सर्व्हर महिनाभर चालू आहे. चालू आहे असं म्हणायचं, कारण तो काही बोलत नाही. त्याचा निळा दिवा लागला आहे का, ते बघून यावं लागतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीला तो लागल्याचा पत्ताही नाही. मामीनं क्रोशाचा रुमाल त्याच्याखाली घातलाय, वर नाही, एवढ्यावर आमची तडजोड झाली.

ज्यांची लग्नं गेली त्या घरांना जाऊन आलो. तुला बोलावलं नाही, ते माझं मलाच करायचं होतं. कुणी रागावलं नाही. एका घरात म्हातारीनं मलाच विचारलं, मग तुला काय आठवतं ते सांग. बसून सांगितलं. कुणी कुठला फेटा बांधला होता, कुणाचं कुणाशी मानपानावरून वाजलं. त्यांच्या पोरांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. उठेपर्यंत दिवे लागले होते.

कानाचं मशीन पंधरा दिवसांपूर्वी आलं. पहिले दोन दिवस भांडी, चपला, कागद, सगळं अंगावर आलं. आता बसलंय. रात्री एक मशीन मी कानात ठेवतो आणि मामीला सांगितलंय की आता तू झोप. पहिल्या रात्री ती झोपली नाही, मी ऐकतोय का ते ऐकत राहिली. आता झोपते. घोरते, हेही मला आत्ताच कळलं.

गावात मी मशीन लावून फिरलो तर दादाभाऊ हळू आवाजात बोलायला विसरला होता. मी म्हटलं, "राव, ओरडतोस कशाला?" तो म्हणाला, "दोन वर्षं ओरडतोय, आता गळ्याला सवय झाली."

जुनी लग्नं मात्र मी मशीन काढूनच बघायचो. मला वाटलं, आपल्याला सगळं ऐकू येतंच आहे, मशीनमधून तो बँड पत्र्यासारखा वाजेल. काल आरतीचं लग्न लावलं. मामी शेजारी भाजी निवडत होती, टीव्हीचा आवाज तिच्यासाठी चालू होता. मशीन कानात तसंच राहिलं होतं, काढायचं विसरलो.

पाठवणी आली. ते चित्र मला पाठ आहे. आरती गाडीपाशी, आई तिला धरून, मिश्रीलालशेठनं दिलेला कॅमेरा माझ्या खांद्यावर. ते सगळं चित्र हलतं. पहिलं शूटिंग, हात बसलेला नव्हता, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो. आणि एकदम एक आवाज आला, जो माझ्या आतल्या आवाजात कधीच नव्हता. कुणीतरी पोरगा, अगदी जवळून, भरल्या गळ्यानं म्हणत होता, "आरते, रडू नको गं. कॅमेरा हालतोय."

मी मामीला विचारलं, हा कोण बोलतोय? पाहुण्यांपैकी कुणी आहे का?

ती भाजी निवडायची थांबली. म्हणाली, "तुमीच की."

सगळ्या लग्नातले सगळे आवाज मला पाठ होते, पोरी. कॅमेऱ्यामागचा तेवढा नव्हता. तो मी कधी ऐकलाच नव्हता. मी तेवढा भाग पुन्हा लावला. मामी म्हणाली, "तुमी रडत व्हता, म्हणून हालतोय." मी तिला सांगितलं, कॅमेरा फार जड होता. मिश्रीलालशेठचा जुना, लोखंडासारखा.

आरतीला दाखवशील तेव्हा तूही तेच सांग.

तुझा,
गोरखमामा